सिग्नल पाळूनही जिंकता येईल अशी शर्यत: सायकल कुरिअरांच्या रिलेचा प्रकरण अभ्यास

हे प्रकरण एका शहरात घेतलेल्या सायकल कुरिअरांच्या रिले शर्यतीचे आहे. भाग घेणारे सगळे पोटापाण्यासाठी सायकल चालवणारे. कुणी वकिलांच्या आणि बँकांच्या फायली पोचवतो, कुणी अ‍ॅपवर आलेल्या जेवणाच्या ऑर्डरी, कुणी मालवाहू सायकलवर खोकी. चौघांचा एक संघ, असे बारा संघ. आयोजन त्यांच्यातल्याच काहींचे. मार्ग आणि नियम यांची आखणी माझ्याकडे होती. शर्यतीच्या दिवशी काय घडले ते पुढे येईलच, पण मला जास्त लिहायचे आहे ते आखणीबद्दल. खुल्या रस्त्यावरच्या शर्यतीत कोण जिंकणार आणि कुणाला इजा होणार, या दोन्ही गोष्टी बऱ्याच अंशी शिट्टी वाजण्याआधीच ठरून गेलेल्या असतात.

कुरिअरांच्या शर्यतींना स्वतःची परंपरा आहे. १९८९ साली टोरांटोत कुरिअरांनी ‘अ‍ॅलीकॅट’ या नावाने शर्यत घेतली आणि पुढे ते नाव जगभर गेले. साचा साधा आहे. सुरुवातीला हातात मॅनिफेस्ट पडते, म्हणजे कुठून काय उचलायचे आणि कुठे पोचवायचे याची यादी. मार्ग आखून दिलेला नसतो, तो ज्याचा त्याने शोधायचा. प्रत्येक चेकपॉइंटवर शिक्का घ्यायचा. रस्त्यावरची रहदारी मात्र नेहमीसारखी चालू असते. १९९३ साली बर्लिनमध्ये सायकल कुरिअरांची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली. त्या मालिकेतल्या मुख्य शर्यतीतही उचल आणि पोच हेच काम असते, पण त्यासाठी मार्ग वाहनांना बंद ठेवतात. आम्हाला रस्ते बंद करून मिळणार नव्हते हे पहिल्या दिवसापासून स्पष्ट होते.

रिलेचे मूळ याहून जुने आहे. १८९४ साली अमेरिकेत पुलमन संपामुळे रेल्वेगाड्या थांबल्या, तेव्हा कॅलिफोर्नियात फ्रेस्नो ते सॅन फ्रान्सिस्को या सुमारे २१० मैलांच्या वाटेवर सायकलस्वारांच्या साखळीने टपाल नेले. एकाने आपला टप्पा संपवायचा, पिशवी दुसऱ्याच्या हवाली करायची. ती शर्यत नव्हती, निकडीची सेवा होती. मला मात्र आपल्या रिलेसाठी हेच चित्र हवे होते: हातात बॅटन नको, खरी पिशवी हवी, आणि पिशवीत जे पोचवायचे राहिले आहे ते.

पहिला आराखडा

सुरुवातीचा बेत सरळ होता. चार टप्पे, प्रत्येक टप्पा साधारण ५ किलोमीटरचा, चेकपॉइंट ठरलेल्या क्रमाने, आणि ज्या संघाचा चौथा गडी आधी परतेल तो विजयी. हा नकाशा घेऊन आम्ही वाहतूक शाखेत गेलो. तिथल्या अधिकाऱ्यांनी तो शांतपणे पाहिला.

“साहेब, सिग्नल तोडला की संघ बाद, असा नियमच केलाय,” आमच्यातला एक जण म्हणाला.

“पाहणार कोण? प्रत्येक चौकात माणूस ठेवणार आहात का? आणि तुम्ही बाद करायच्या आधीच कुणी गाडीखाली गेला तर?” ते म्हणाले. मग नकाशा परत देत म्हणाले, “सिग्नल पाळणारा संघ यात जिंकू शकतो का, एवढं मला कागदावर मांडून दाखवा. मग बोलू.”

तो प्रश्न मला अजूनही या सगळ्या प्रकरणातला सर्वांत मोलाचा वाटतो. आम्ही तो कागदावर मांडला आणि उत्तर ‘नाही’ असे आले. हिशेब असा. ५ किलोमीटर अंतर ताशी २० किलोमीटरने कापायला १५ मिनिटे लागतात. जिवाच्या आकांताने पायडल मारून वेग २४ वर नेला तर साडेबारा मिनिटे. म्हणजे एवढ्या दमछाकीची कमाई अडीच मिनिटे. त्याच टप्प्यात सहा सिग्नल आहेत आणि प्रत्येकी सरासरी पाऊण मिनिट थांबावे लागते असे धरले, तर ते सगळे तोडणारा साडेचार मिनिटे वाचवतो, तेही दम न लागता. ज्या शर्यतीत पायांपेक्षा लाल दिवा तोडून जास्त मिळते, तिथे नियमपत्रिकेवर काहीही छापले तरी शर्यत सिग्नल तोडण्याचीच होते. आणि त्याची किंमत काय असते तेही ठाऊक होते. २००८ साली शिकागोत अशाच एका अ‍ॅलीकॅटमध्ये लाल सिग्नल ओलांडणाऱ्या स्पर्धकाचा मोटारीच्या धडकेत मृत्यू झाला.

रोजच्या कामातला दबावही याच जातीचा आहे. नगावर पैसे मिळत असतील तर प्रत्येक लाल दिवा खिशातून काहीतरी काढून घेतो. शर्यतीसाठी एकत्र आलेल्या लोकांना मी त्याच सापळ्यात पुन्हा ढकलायला तयार नव्हतो. त्यांचे खरे कसब वेगळे आहे. गल्ल्या पाठ असणे, कुठले पाकीट आधी आणि कुठले नंतर हे क्षणात ठरवणे, सही विसरू न देणे, पिशवीतली वस्तू दबू न देणे. शर्यतीने हे दाखवायला हवे होते.

फाटके

दुसरा आराखडा भाग निवडण्यापासून सुरू झाला. आम्ही शहरातला असा पट्टा शोधला जिथे आत जुन्या गल्ल्या आहेत, सिग्नल नाहीत, वाहनांचा वेग मुळातच कमी आहे, आणि मधून फक्त एक मोठा रस्ता जातो. शर्यतीचा तळ अलीकडच्या बाजूला एका बंदिस्त मैदानात. दहा चेकपॉइंट: सहा अलीकडे, चार पलीकडे. मोठा रस्ता ओलांडायला दोनच जागा, दोन्ही सिग्नल असलेल्या पादचारी पट्ट्यांवर. त्यांना आम्ही वरचे फाटक आणि खालचे फाटक म्हणत होतो.

फाटकाचा नियम असा. आल्यावर उतरायचे, स्वयंसेवक वेळ लिहितो, पादचारी दिवा हिरवा झाला की सायकल हातात धरून चालत ओलांडायचे. पलीकडचा स्वयंसेवक आल्याच्या वेळेपासून बरोबर तीन मिनिटांनी सोडतो. दिवा लगेच मिळो की उशिरा, तीन मिनिटे म्हणजे तीन मिनिटे, आणि तेवढी त्याच्या टप्प्याच्या वेळेत वाढवून दिली जातात. घाई करून तिथे काहीच हाती लागत नाही, त्यामुळे घाई कुणी करत नाही.

फाटकावर अशी वेळ बांधून देण्याची कल्पना लांब पल्ल्याच्या ब्रेव्हे सायकलिंगमधून, म्हणजे ठरलेल्या वेळेत चेकपॉइंट गाठत पुऱ्या करायच्या फेऱ्यांमधून सुचली. तिथे २०० किलोमीटरची ब्रेव्हे संपवायला १३ तास ३० मिनिटे असतात हे अनेकांना माहीत असते, पण चेकपॉइंट किती आधी उघडतो यालाही मर्यादा असते, हे फारसे बोलले जात नाही. ठरावीक वेगापेक्षा जोरात येणाऱ्याला दारात थांबावे लागते. वेगाला वरून लावलेली ही कडी मला फार आवडते.

पुढचा बदल मोठा होता. ‘आधी पोचेल तो पहिला’ हे आम्ही काढूनच टाकले. प्रत्येक टप्पा ३० मिनिटांचा, अधिक फाटकांची वाढीव मिनिटे. पहिल्या तीन टप्प्यांत प्रत्येकी सहा नवी कामे, चौथ्यात फक्त दोन, एकूण वीस. एक काम म्हणजे एका चेकपॉइंटवरून उचलून दुसऱ्यावर पोचवणे. लवकर परतलात तर उरलेली मिनिटे पुढच्या गड्याला मिळत नाहीत. उशीर केलात तर तेवढी मिनिटे त्याच्या वाट्यातून जातात. जे काम राहिले ते दंडाशिवाय पुढच्याकडे जाते. निकाल पूर्ण झालेल्या कामांच्या संख्येवर. बरोबरी झाली तर मोठा रस्ता ओलांडून पलीकडे जाऊन येण्याच्या फेऱ्या ज्या संघाच्या कमी, तो वरचढ.

चौथ्या टप्प्यात दोनच नवी कामे ठेवण्याचे कारण सांगायला हवे. राहिलेले काम पुढे देता येते म्हणून पहिले तिघे निश्चिंत असतात. शेवटच्याला पुढे कुणी नसते. सगळ्यांची थकबाकी त्याच्या पाठीवर, आणि घड्याळ संपत आलेले. धोका तिथेच साचतो, म्हणून सैलपणा तिथेच द्यायचा.

आता कागदावरचे उत्तर बदलले. सहा कामांचा क्रम नीट लावला तर टप्प्याचे अंतर साधारण साडेपाच किलोमीटर आणि थांबे नऊ. ताशी १६ किलोमीटर, म्हणजे गल्लीतला आरामाचा वेग धरला तरी सायकलवर २१ मिनिटे. प्रत्येक थांब्यावर पाऊण मिनिट धरून आणखी सात. २८ मिनिटांत काम खलास. क्रम चुकला तर त्याच कामांना आठ किलोमीटर आणि बारा थांबे लागतात. ताशी २२ ने हाणणाऱ्यालाही ती २२ अधिक नऊ, म्हणजे ३१ मिनिटे होतात. डोके वापरून सावकाश जाणारा गडी बिनडोक जोरकसाच्या पुढे राहतो. हा हिशेब अधिकाऱ्यांनी दोनदा तपासला, फाटकांवरच्या माणसांची यादी मागितली, आणि रविवारी पहाटेच्या वेळेसाठी परवानगी दिली.

क्रम लावणे हे काम किती अवघड आहे याची बाहेरच्या माणसाला कल्पना नसते. उचल पोचेच्या आधीच व्हायला हवी एवढी एकच अट धरली, तर चार कामांचे २,५२० क्रम होतात आणि सहा कामांचे ७४,८४,४००. त्यात पिशवीची मर्यादा आली: आमच्या नियमाप्रमाणे एका वेळी एकच मोठे खोके न्यायचे. मॅनिफेस्ट हातात पडल्यावर अनुभवी कुरिअर अर्धा मिनिट त्याच्याकडे पाहतो, बोटाने दोन-तीन ओळींवर टिचकी मारतो आणि निघतो. ते अर्धे मिनिट पाहायला मिळावे म्हणून तरी लोकांनी अशा शर्यतीला यावे असे मला वाटते.

दोन मिनिटे

रिलेतली अदलाबदल कशी करायची यावर आमचे सर्वांत जास्त वाद झाले. धावण्याच्या ४×१०० मीटर शर्यतीत ३० मीटरचा पट्टा असतो आणि बॅटन धावता धावता दिली जाते. सायकलवर तसे करावे असा काही तरुण गड्यांचा हट्ट होता; दिसायला ते भारी दिसलेही असते. पण एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात हँडल, शेजारून दुसरा संघ निघतो आहे, अशा अवस्थेत ब्रेक दाबायला हातच उरत नाही. ताशी २५ किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ सात मीटर. समोर कुणी आले हे कळून हात हलेपर्यंत एक सेकंद जरी गेला तरी सात मीटर संपले, आणि प्रत्यक्ष थांबायला जवळपास तेवढेच आणखी. मैदानाच्या फाटकातच उतरायचे, सायकल हातात धरून अदलाबदलीच्या चौकटीत यायचे, हे ठरले.

मग चाचणी फेरी घेतली, आणि तिथे खरी अडचण समजली. येणारा गडी पिशवी फेकल्यासारखी देत होता आणि जाणारा वीस सेकंदांत पसार होत होता. पाच-सात मिनिटांनी तो अशा चेकपॉइंटवर पोचायचा जिथले पार्सल आधीच्याने केव्हाच उचलले होते. मॅनिफेस्टवर खूण होती, पण ती उचलल्याची की पोचवल्याची हे कळत नव्हते. एका संघाची नळी, म्हणजे नळीच्या आकाराचे पार्सल, पूर्ण टप्पाभर पिशवीच्या तळाशी पडून राहिली, कारण ती आत आहे हे पुढच्याला कुणी सांगितलेच नव्हते. पाय दमदार, रस्ता पाठ, आणि तरीही काम बुडाले.

म्हणून अदलाबदलीला सक्तीची दोन मिनिटे दिली. ती कुणाच्याच टप्प्यात मोजायची नाहीत, आणि ती संपेपर्यंत कुणी निघायचे नाही. या दोन मिनिटांत तीन गोष्टी करायच्या. पिशवीतले नग मोठ्याने मोजायचे. मॅनिफेस्टवर प्रत्येक ओळीपुढे उचल आणि पोच अशा दोन वेगळ्या रकान्यांतल्या खुणा तपासायच्या. आणि रस्त्याची खबर द्यायची.

प्रत्यक्ष शर्यतीत ऐकलेली एक अदलाबदल इथे देतो. देणारी जेवणाच्या ऑर्डरी पोचवणारी तरुण मुलगी, घेणारे कागदपत्रांच्या धंद्यात केस पिकलेले गृहस्थ.

“दादा, तीन नग. ही नळी चौथ्यावरून उचललीय, सातव्यावर द्यायचीय. दोन पाकिटं, दोन्ही पलीकडची, नववं आणि दहावं.”

“नळी, दोन पाकिटं. तीन. खोकं?”

“खोकं पोचलं, हा शिक्का. आणि सातव्यावरचे लोक जागेवर दिसायचे नाहीत, पावसामुळे जिन्याखाली सरकलेत. हाक मारा.”

“खालच्या फाटकानं जाऊ ना?”

“वरच्यानं जा. खालच्याच्या पुढं गटाराची झाकणं ओली आहेत, मघाशी एकजण घसरला.”

एवढेच. पण यातले प्रत्येक वाक्य पुढच्या माणसाची काही मिनिटे वाचवते, आणि शेवटचे वाक्य तर त्याचे हाडही. मला या शर्यतीत जे सांगायचे होते ते हेच होते. रिलेत हातातून हातात जाते ती माहिती, आणि ती अर्धवट गेली तर पिशवी पूर्ण गेल्याचा काही उपयोग नसतो.

बाकीची तयारी, थोडक्यात

सायकलला दोन स्वतंत्र ब्रेक सक्तीचे. फिक्स्ड गिअरवाल्यांनी (ज्यांच्या सायकलीचे पायडल चाकाबरोबर फिरतच राहते) यावर कुरबूर केली, पण ओल्या रस्त्यावर नुसत्या पायांनी चाक रोखणे भरवशाचे नाही, तेव्हा सवलत दिली नाही. हेल्मेट, पुढे-मागे दिवे, कानात इअरफोन नाहीत. संघाचा क्रमांक पाठीवर न लावता मागच्या चाकाच्या आऱ्यांमध्ये खोचलेल्या लॅमिनेट केलेल्या कार्डावर. कुरिअरांच्या शर्यतींत ही जुनी पद्धत आहे आणि तिच्यामागे व्यवहार आहे: पाठीवर पिशवी असते, तिथला क्रमांक कुणाला दिसणार?

माणसे लागली ती अशी: प्रत्येक चेकपॉइंटवर दोघे, चार जण फाटकांवर, चार तळावर. चेकपॉइंटवर एकटा माणूस कधीच ठेवू नये. एकजण शिक्का मारत असताना दुसऱ्याने येणाऱ्याचा कार्ड-क्रमांक, वेळ आणि नग आपल्या तक्त्यावर लिहायचा असतो. घड्याळांचा प्रश्न आम्ही एका वाक्यात सोडवला: टप्प्याची वेळ फक्त तळावरच्या घड्याळाची. चेकपॉइंटवरच्या वेळा पुराव्यापुरत्या.

एक नियम मात्र मुद्दाम सांगतो. पडलेल्याच्या मदतीला जो थांबेल त्याला थांबल्याची सगळी मिनिटे परत. तो नियमपत्रिकेत पहिल्या क्रमांकावर छापला होता.

शर्यतीचा दिवस

पहाटेपासून बारीक पाऊस होता. रद्द करावे इतका नाही, पण गल्लीतले दगड आणि लोखंडी झाकणे निसरडी करायला पुरेसा. दुसऱ्या टप्प्यात एक गडी खालच्या फाटकापुढे घसरला, कोपर सोलले. मागून येणारा दुसऱ्या संघाचा गडी थांबला, त्याला बाजूला बसवले, सायकल उभी केली, फाटकावरचा स्वयंसेवक येईपर्यंत सोबत राहिला. त्याची मिनिटे फाटकावरच्या तक्त्यावरून परत दिली. जखमीच्या जागी त्याच्याच संघातला पुढचा गडी निघाला. नियम पहिल्या क्रमांकावर छापल्याचे सार्थक झाले असे तेव्हा वाटले.

डावपेच पाहण्यासारखे होते. बहुतेक संघांनी प्रत्येक टप्प्यात पलीकडे एक फेरी मारली, कारण प्रत्येक मॅनिफेस्टमध्ये पलीकडची दोन-तीन कामे होती. एका संघाने वेगळा विचार केला. त्यांच्या पहिल्या गडीने पलीकडे जाण्याची सगळी कामे उचलून घेतली, पण पोचवली नाहीत. पूर्ण टप्पा अलीकडेच घालवला आणि भरलेली पिशवी दुसऱ्याला दिली. दुसऱ्याने दोन टप्प्यांची पलीकडची पोच एकाच फेरीत उरकली. राहिलेले काम पुढे देणे ही आम्ही सवलत म्हणून ठेवली होती. त्यांनी तिची चाल केली. कागदावर ही शक्यता होतीच, पण ती कुणी इतक्या थंड डोक्याने वापरेल अशी माझी अपेक्षा नव्हती. या संघाला पुढे दुसरा संघ म्हणतो.

शेवटी वीसपैकी वीस कामे दोनच संघांच्या नावावर दिसत होती: हा दुसरा संघ आणि आणखी एक, त्याला पहिला संघ म्हणतो. त्यातल्या दुसऱ्या संघाचे एक काम वादात होते. सातव्या चेकपॉइंटची शाईची गादी पावसाने भिजली होती. तिसऱ्या टप्प्यात तिथे उठलेले शिक्के इतके फिके होते की वाचता येत नव्हते. पहिल्या संघाच्या हे अदलाबदलीच्या दोन मिनिटांतच ध्यानात आले. नियमात ‘मॅनिफेस्टवरचा शिक्का हा पोचेचा पुरावा’ असे होते, म्हणून त्यांचा चौथा गडी केवळ तो शिक्का पुन्हा घेण्यासाठी पलीकडे जाऊन आला. त्यामुळे त्यांच्या फेऱ्या पाच झाल्या. दुसऱ्या संघाने फिका शिक्का तसाच राहू दिला. त्यांच्या फेऱ्या तीन.

म्हणजे ते काम धरले तर दुसरा संघ विजयी, नाही धरले तर पहिला.

तिघांचे पंच मंडळ बसले: तळावरचा एक, चेकपॉइंटवरचा एक, आणि शर्यतीत नसलेला एक जुना कुरिअर. सातव्या चेकपॉइंटचा तक्ता मागवला. त्यावर दुसऱ्या संघाचा कार्ड-क्रमांक, वेळ आणि ‘नळी’ अशी नोंद होती. चेकपॉइंटवरच्या खोक्यात नळीही होती. पहिल्या संघाचा म्होरक्या म्हणाला, “काम झालं नाही असं मी म्हणत नाही. आम्ही नियम वाचला म्हणून पावसात परत गेलो. ज्यांनी वाचला नाही त्यांना आता नियम लागू नाही, असं कसं?”

हा आक्षेप हलका नाही. शर्यत नियमांवरच उभी असते, आणि काळजीपूर्वक वागणाऱ्याला त्याची झळ बसत असेल तर पुढच्या वेळी काळजी कोण घेईल? मंडळातल्या जुन्या कुरिअरने यावर मांडलेला मुद्दा मला पटला. शिक्का पोचेचा पुरावा आहे, पोच नव्हे. शिक्का उमटला नाही याचे कारण चेकपॉइंटवरची गादी होती, गडी नव्हे. धंद्यातही पावतीची शाई उडाली म्हणून पोचलेले पार्सल न पोचलेले ठरत नाही. घेणाऱ्याच्या वहीत नोंद आणि घेणाऱ्याच्या हातात वस्तू असेल तर बात तिथेच संपते. पण मग तोच न्याय पहिल्या संघालाही हवा. गादीच्या दोषामुळे जी फेरी त्यांना मारावी लागली ती त्यांच्या खात्यात धरता येणार नाही.

मंडळाने तसाच निकाल दिला. दुसऱ्या संघाचे काम धरले, पहिल्या संघाची एक फेरी वजा केली. चार विरुद्ध तीन. दुसरा संघ विजयी. पहिल्या संघाच्या म्होरक्याने निकाल मान्य करून सही केली, पण आपले मत बदललेले नाही हेही सांगितले, आणि ते निकालपत्रात तसेच नोंदवले आहे. तसे नोंदवणे मला आवश्यक वाटले, कारण पुढची नियमपत्रिका लिहिताना त्यांचे म्हणणे समोर हवे.

या प्रकरणातून आखणीत झालेले बदल असे. शाईचा शिक्का गेला. आता प्रत्येक नगाला दोन भागांची चिठ्ठी बांधलेली असते, दोन्हींवर एकच क्रमांक. पोच झाली की अर्धी चिठ्ठी फाडून गड्याला द्यायची, अर्धी नगावर राहते. चेकपॉइंटचा तक्ता पेन्सिलने लिहायचा, कारण ओलसर कागदावर पेन्सिल चालते आणि शाईसारखी फुटत नाही. तक्ता आणि चिठ्ठी यांत फरक पडला तर प्रमाण कोणते धरायचे हे नियमातच लिहिले: आधी नग, मग तक्ता, मग चिठ्ठी. चेकपॉइंट जागेवरून हलवायचा असेल तर आधी तळाला फोन, आणि तळाने ती खबर अदलाबदलीच्या चौकटीजवळच्या फळ्यावर लिहायची, म्हणजे ती एखाद्या संघाच्या नशिबावर राहणार नाही. झाकणे असलेल्या जागा आदल्या दिवशी चालत पाहून रंगाने खुणा करायच्या, आणि खालचे फाटक पाऊस असेल तर वापरायचेच नाही.

मालवाहू सायकलींचा प्रश्न अजून सुटलेला नाही. अरुंद गल्लीत त्या वळत नाहीत, आणि एका वेळी एकच खोके हा नियम त्यांच्या मुख्य ताकदीवरच घाला घालतो. सध्याचा प्रस्ताव असा आहे की तिसरा टप्पा त्यांच्यासाठी राखायचा, कामे सहाऐवजी चार, पण चारही जड आणि रुंद रस्त्यांवरची. चाचणी फेरीत तो तपासायचा आहे. मालवाहू सायकल चालवणाऱ्या दोघांनी मार्ग आखून दिला आहे.